वनविषयक पर्यावरणीय निर्णय : माहिती व लोकसहभाग

वनांवर वा वृक्षसंपत्तीवर परिणाम करणाऱ्या प्रकल्पांसंबंधी शासकीय यंत्रणा जे निर्णय घेते, ते निर्णय, त्यांमागील अहवाल आणि कारणे नागरिकांना वेळेवर व समजेल अशा भाषेत मिळणे, तसेच निर्णयापूर्वी त्यांना आपले म्हणणे मांडता येणे, यांसाठी असलेली कायदेशीर व प्रशासकीय व्यवस्था. वनजमिनीचा अन्य कामासाठी वापर, वृक्षतोड, वनांतून जाणारे रस्ते व बोगदे, वनीकरण, तसेच वनांच्या सीमा ठरविणाऱ्या अधिसूचना या सर्व बाबी या विषयाच्या कक्षेत येतात. व्यवस्थेची सामान्यतः तीन अंगे मानली जातात : (१) माहिती मिळण्याचा हक्क, (२) निर्णयप्रक्रियेत सहभाग आणि (३) निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय.

इतर अनेक प्रशासकीय निर्णयांहून या निर्णयांचे स्वरूप एका बाबतीत वेगळे आहे. चुकीने आकारलेला कर परत करता येतो, नाकारलेला परवाना पुढे देता येतो. परंतु तोडलेले जुने झाड पुन्हा उभे करता येत नाही. त्यामुळे येथे माहिती मिळते की नाही याइतकेच ती केव्हा मिळते यालाही महत्त्व आहे. मुंबई उपनगर जिल्ह्यातील काही प्रकरणांवरून ही गोष्ट स्पष्ट होते.

संकल्पनेचा विकास : प्रकल्पाचे पर्यावरणावरील परिणाम आधी तपासून मगच निर्णय घ्यावा, हे तत्त्व अमेरिकेच्या १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण अधिनियमाने प्रथम व्यापक प्रमाणावर अंमलात आणले. १९९२ च्या रीओ जाहीरनाम्यातील दहाव्या तत्त्वात पर्यावरणविषयक प्रश्न संबंधित नागरिकांच्या सहभागाने हाताळावेत, असे नमूद करण्यात आले. या तत्त्वाला करारबद्ध स्वरूप देणारा आर्हुस करार २५ जून १९९८ रोजी झाला व ३० ऑक्टोबर २००१ पासून अंमलात आला. भारत या कराराचा सदस्य नाही. ब्रिटनमध्ये १९९९ च्या नियमांनी वनीकरण, वननिर्मूलन, वनरस्ते व वनांतील खाणी या कामांनाही आघात मूल्यमापनाची पद्धत लागू केली आणि त्यासंबंधीच्या निर्णयांची नोंदवही जनतेस पाहण्यासाठी खुली ठेवण्याची तरतूद केली. भारतातील पद्धतीत वनीकरणासाठी असे स्वतंत्र मूल्यमापन आढळत नाही.

भारतातील कायदेशीर चौकट : ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) वने व वन्य जीव यांचे रक्षण हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व (अनुच्छेद ४८ अ) व नागरिकाचे मूलभूत कर्तव्य (अनुच्छेद ५१ अ) म्हणून संविधानात समाविष्ट झाले. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० या कायद्याने वनजमीन वनेतर कामासाठी वापरण्यापूर्वी केंद्र शासनाची पूर्वसंमती आवश्यक ठरविली. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नावही बदलण्यात आले. टी. एन. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी ‘वन’ या शब्दाचा कोशगत अर्थ स्वीकारला; त्यामुळे मालकी कोणाचीही असली, तरी वनाचे स्वरूप असलेल्या जमिनीला हा कायदा लागू होऊ लागला.

आघात मूल्यमापनाची पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ रोजी निघाली. १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने तीत जनसुनावणीची भर पडली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ही पद्धत नव्याने मांडली. तीनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, त्यांच्या मसुदा-अहवालाचा सारांश इंग्रजीत व स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. वृत्तपत्रांतून किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरविते व जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी तिच्या अध्यक्षस्थानी असतो. सुनावणीचे चित्रमुद्रण करण्यात येते. मात्र ही पद्धत अधिसूचनेच्या अनुसूचीत नाव असलेल्या प्रकल्पांनाच लागू पडते. अनुसूचीत नसलेला प्रकल्प कितीही मोठा असला, तरी त्यास या जनसुनावणीची आवश्यकता राहत नाही.

भाषेचा प्रश्नही गौण नाही. या अधिसूचनेची जागा घेण्यासाठी २०२० साली प्रसिद्ध झालेला मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला व हरकतींची मुदत ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढविली. जी सूचना वाचता येत नाही ती कायद्याने दिलेली असली, तरी व्यवहारात न दिल्यासारखीच ठरते.

मुंबई उपनगरातील वनक्षेत्र : बोरिवली, गोरेगाव, भांडुप व मुलुंड यांच्यामध्ये पसरलेले आणि ठाणे जिल्ह्यातही शिरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (पूर्वीचे बोरिवली राष्ट्रीय उद्यान) सुमारे १०३ चौ. किमी. क्षेत्राचे आहे. विहार व तुळशी हे शहराला पाणी पुरविणारे एकोणिसाव्या शतकातील तलाव याच डोंगराळ भागात आहेत. उद्यानाच्या दक्षिणेस गोरेगाव पूर्वेला आरे दुग्ध वसाहत असून ती १९४९ साली स्थापन झाली. वसाहतीत तबेले व गवताळ कुरणे यांबरोबरच दाट झाडी व वारली आदी आदिवासींचे पाडे आहेत. पश्चिमेकडे वर्सोवा, मालाड व गोराई येथील खाड्यांच्या, तर पूर्वेकडे ठाणे खाडीच्या काठाने कांदळवने आढळतात. म्हणजे या एका जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान, शासकीय पण वन म्हणून नोंद नसलेली झाडी, खाजगी जमिनीवरील वन आणि खारफुटी असे चारही प्रकार एकत्र येतात. प्रत्येकाचा कायदा वेगळा असल्याने प्रत्येकासंबंधीची माहितीही वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेली असते.

वृक्ष प्राधिकरणाची कार्यपद्धती : नागरी भागातील झाडांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा लागू आहे. त्यानुसार बृहन्मुंबई महानगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण स्थापन झाले आहे. झाड तोडण्यासाठी अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने जागेची पाहणी करावी, स्थानिक वृत्तपत्रांतून जाहीर सूचना द्यावी आणि झाडावरही सूचना लावावी, असे कायदा सांगतो. हरकती नोंदविण्यास साधारणतः सात दिवस मिळतात. परवानगी दिल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंत झाड तोडता येत नाही. हा पंधरा दिवसांचा काळ वरकरणी लहानशी बाब वाटते. प्रत्यक्षात निर्णय आणि कुऱ्हाड यांच्यामध्ये नागरिकाला दाद मागण्यासाठी मिळणारा तोच एकमेव अवकाश होय.

मधल्या काळात २५ पर्यंत झाडांचा निर्णय आयुक्तांकडे सोपविणारी दुरुस्ती झाली. त्यामुळे प्राधिकरणाच्या सभेसमोर न येणाऱ्या प्रस्तावांचा प्रश्न निर्माण झाला. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस ‘वारसा वृक्ष’ ही संज्ञा दिली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आणले. झाडाचे वय कोणी व कसे ठरविले हे कागदोपत्री पाहता आले, तरच अशा तरतुदीची पडताळणी शक्य होते.

आरे प्रकरण : कुलाबा–वांद्रे–सीप्झ या तिसऱ्या मेट्रो मार्गाच्या गाड्यांसाठी आरे येथे सुमारे ३३ हे. जागेवर आगार उभारण्याचे ठरले. या प्रकल्पाच्या संदर्भात तीन स्वतंत्र मार्गांपैकी दोन नागरिकांना बंद होते. मेट्रो रेल्वे २००६ च्या अधिसूचनेच्या अनुसूचीत नसल्याने तीखालील जनसुनावणी लागू नव्हती. जमीन वन म्हणून नोंदलेली नसल्याने १९८० च्या कायद्याखालील पूर्वसंमतीची प्रक्रियाही झाली नाही; आरे हे वन ठरवावे ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. परिणामी वृक्ष प्राधिकरणापुढील सुनावणी हे एकच सार्वजनिक व्यासपीठ उरले आणि जागेची निवड, पर्यायी जागा, पाण्याचा निचरा, आदिवासींची वहिवाट असे सर्व प्रश्न तेथेच मांडले गेले. ज्या मंडळाने केवळ झाडांचा विचार करावा अशी कायद्याची अपेक्षा होती, त्याच्यापुढे संपूर्ण प्रकल्पाचा वाद येऊन ठेपला. हजारो हरकती नोंदविल्या गेल्या.

२९ ऑगस्ट २०१९ रोजी प्राधिकरणाने ८ विरुद्ध ६ मतांनी २,६४६ झाडांसंबंधीचा प्रस्ताव मंजूर केला. त्यांपैकी २,१८५ झाडे तोडावयाची व ४६१ अन्यत्र लावावयाची होती. प्राधिकरणाचा आदेश १३ सप्टेंबर रोजी निघाला. ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. पंधरा दिवसांची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची, यावरून लगेच वाद उपस्थित झाला. विरोधकांच्या मते, परवानगी लोकांना कळल्यावर मुदत सुरू व्हावयास हवी होती. मेट्रो कंपनीच्या मते ती आदेशापासून सुरू होऊन २८ सप्टेंबरलाच संपली होती. कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी ‘जैसे थे’ आदेश दिला. तोपर्यंत कंपनीच्या सांगण्यानुसार २,१४१ झाडे तोडून झाली होती. दाद मागण्याचा हक्क या ठिकाणी नाकारला गेला नाही. तो वापरला गेला, परंतु त्याचा उपयोग उरलेल्या थोड्या झाडांपुरताच झाला.

यानंतर २०२० साली राज्य शासनाने आगार कांजूरमार्ग येथे हलविण्याचा, तसेच आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय जाहीर केला. २०२२ मध्ये आगार पुन्हा आरेतच ठेवण्याचे ठरले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी प्राधिकरणाकडे जाण्याची मुभा कंपनीला दिली. प्रत्यक्षात १७७ झाडांसंबंधी परवानगी मागितली गेल्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने कंपनीस १० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला, तथापि ती झाडे काढण्यास संमती दिली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परवानगीवाचून आरेतील पुढील वृक्षतोडीस मंजुरी देऊ नये, असे प्राधिकरणास बजावले.

मेट्रोमुळे रस्त्यांवरील वाहतूक व धूर कमी होतो, हा प्रकल्पाच्या बाजूचा युक्तिवादही पर्यावरणाचाच होता. दोन्ही बाजूंचे मोजमाप एकाच कागदावर, निर्णयापूर्वी व जाहीरपणे मांडले जाणे हेच आघात मूल्यमापनाचे प्रयोजन असते. ते मांडण्याची वैधानिक जागाच नसल्याने वाद न्यायालयात व रस्त्यावर गेला.

मसुदा व अंतिम अधिसूचना : राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या संवेदनक्षम क्षेत्राचा मसुदा जानेवारी २०१६ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला व अंतिम अधिसूचना ५ डिसेंबर २०१६ रोजी निघाली. मसुद्यात असलेले आरेतील सुमारे १६५ हे. क्षेत्र अंतिम अधिसूचनेतून वगळण्यात आले. येथे सहभागाच्या पद्धतीतील एक सूक्ष्म अडचण दिसते. हरकत मसुद्यावर घेता येते. ज्यास मसुदा मान्य असतो तो स्वाभाविकपणेच हरकत घेत नाही. नंतर मसुद्यात महत्त्वाचा बदल झाल्यास त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी उरत नाही. म्हणून मसुदा व अंतिम निर्णय यांतील प्रत्येक महत्त्वाच्या फरकाची कारणे निर्णयाबरोबरच प्रसिद्ध होणे आवश्यक ठरते.

खाजगी वनांच्या नोटिसा : माहितीच्या अभावाची झळ वनरक्षण करू इच्छिणाऱ्यांनाच बसते असे नाही, ती घर विकत घेणाऱ्यालाही बसते. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम ३५ खाली १९५० नंतरच्या दशकात उपनगरातील काही खाजगी जमिनींसंबंधी नोटिसा काढण्यात आल्या होत्या. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ रोजी अंमलात आला आणि अशी नोटीस निघालेली जमीन शासनाकडे निहित झाल्याचे मानले जाऊ लागले. मुलुंड, विक्रोळी आदी भागांतील या जमिनींवर दरम्यान महानगरपालिकेच्या परवानगीने इमारती उभ्या राहिल्या होत्या. अधिकार-अभिलेखात वनाची नोंद अनेक दशकांनी आल्यावर हजारो सदनिकाधारक अडचणीत आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ साली शासनाची बाजू उचलून धरली. परंतु गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी हा निकाल फिरविला. नोटीस नुसती काढणे पुरेसे नाही, ती जमीनमालकावर बजावली गेली पाहिजे आणि पुढील चौकशीही झाली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. राजपत्रात छापलेली परंतु सात-बारा उताऱ्यावर वा मिळकतपत्रिकेवर न उमटलेली वननोंद कोणाच्याच उपयोगाची ठरत नाही : तिने वनाचे रक्षण झाले नाही आणि रहिवाशांनाही वेळीच सावध केले नाही.

कांदळवने : बाँबे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यातील कांदळवनांच्या तोडीस अंतरिम बंदी घातली, १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने सार्वजनिक हितासाठी आवश्यक असेल तरच व न्यायालयाच्या परवानगीनेच तोड करता येईल, असे ठरले. या व्यवस्थेचा एक अनुषंगिक परिणाम झाला. उच्च न्यायालयाकडे अर्ज करताना प्रकल्पाची गरज, पर्याय, तोडावयाच्या झाडांची संख्या व भरपाईची योजना प्रतिज्ञापत्रावर मांडावी लागते. ही कागदपत्रे खुल्या न्यायालयात येत असल्याने जे काम प्रशासनाने आपणहून करावयाचे, ते न्यायालयीन प्रक्रियेमार्फत घडून येते. तथापि प्रत्येक नागरिकाला न्यायालयाची वाट परवडतेच असे नाही.

कागदपत्रे पाहण्याचा हक्क : १९८६ साली याच संस्थेने पुणे छावणी मंडळाविरुद्ध केलेल्या प्रकरणात, मान्यताप्राप्त पर्यावरण संस्थांना बांधकाम परवानग्यांची कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे, असे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. या प्रश्नावर भारतात मिळालेल्या आरंभीच्या निर्णयांत याची गणना होते. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली, माहितीच्या अधिकाराचा परिणामकारक कायदा केला. केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अंमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व संबद्ध माहिती प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध केली पाहिजे. कोणी अर्ज केल्यावर माहिती देण्यास मात्र ३० दिवसांची मुदत आहे. वृक्षतोडीवरील हरकतीस सात दिवस आणि कागदपत्रे मिळण्यास ३० दिवस, हे गणित जुळत नाही. म्हणूनच अर्जावरून मिळणाऱ्या माहितीपेक्षा आपणहून प्रसिद्ध केलेली माहिती या क्षेत्रात अधिक मोलाची ठरते. केंद्र शासनाने २०१८ साली सुरू केलेल्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर पर्यावरण व वन मंजुरीचे प्रस्ताव पाहता येतात. परंतु महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचे निर्णय या व्यवस्थेचा भाग नाहीत.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे (स्थापना कायदा २०१०) आदेश कळविल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. त्यानंतर दार बंद होते. ‘कळविणे’ म्हणजे काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही. आदेशाची प्रत लोकांना सहज वाचता व घेता येईल अशा रीतीने उपलब्ध झाली पाहिजे, असा अर्थ लवादाने २०१३ साली सेव्ह मॉन रीजन फेडरेशनच्या प्रकरणात लावला.

मर्यादा व अपेक्षा : लोकसहभागामुळे प्रकल्पांना विलंब होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. हरकतींची संख्या मोठी असली म्हणजे त्या प्रत्येक हरकतीत तथ्य असते असेही नाही. परंतु वरील प्रकरणांत विलंबाचे मूळ बहुधा लोकांच्या बोलण्यात नसून ते उशिरा ऐकले जाण्यात होते, असे दिसून येते. नोटीस बजावली असती तर मुलुंडचा वाद निर्माण झाला नसता. जागेच्या निवडीवर प्रारंभीच जाहीर विचार झाला असता तर आरेचा वाद वृक्ष प्राधिकरणापुढे आला नसता. नुकसानभरपाई म्हणून केलेल्या लागवडीचीही हीच स्थिती आहे : किती रोपे लावली याची घोषणा होते, परंतु ती कोठे लावली व त्यांतील किती जगली याची नोंद पाहावयास मिळाली, तरच तिचे मूल्य कळते. पाड्यावर राहणाऱ्या कुटुंबास शहरातील वृत्तपत्राच्या आतील पानावरची सूचना सहसा दिसत नाही. त्याच्यासाठी झाडावर लावलेला, मराठीत लिहिलेला कागद हीच खरी सूचना असते.

निर्णयाची कारणे, त्याचा दिनांक, त्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत आणि दाद मागावयाचे ठिकाण या चार गोष्टी निर्णयाबरोबरच, लोकांच्या भाषेत व जागेवर प्रसिद्ध होणे आणि ती मुदत संपेपर्यंत प्रत्यक्ष तोड न होणे, ही या संपूर्ण व्यवस्थेची किमान अट मानता येईल. तिचे पालन झाले म्हणजे प्रत्येक झाड वाचेल असे नव्हे. परंतु ते का तोडले गेले हे सांगता येईल आणि निर्णय चुकीचा असल्यास झाड उभे असतानाच तो बदलता येईल.